अफूच्या खाटेवरचे आजोबा

कांपार,
रविवार सकाळ (दुकान बंद, म्हणून निवांत)

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या मिनचा मनापासून केलेला, पण कंबर धरल्यामुळे अर्ध्या वाटेवरून परत फिरलेला नमस्कार पोचावा. तुझ्या अंगठ्याची सूज उतरली का? पर्थमध्ये म्हणे आधी वेळ ठरवल्याशिवाय आजारीसुद्धा पडता येत नाही. वहिनींनाही नमस्कार सांग. सध्या बोलणं बंद असेल तर चिठ्ठी लिहून सांग. आमच्याकडे सर्व कुशल. आई ठणठणीत आहे. जरा जास्तच.

तर बातमी अशी, की आपल्या हाक्का चिनी लोकांच्या मंडळाच्या माडीवर संग्रहालय झालं. हो, तीच माडी, जिथे म्हातारे माहजोंग खेळायचे. त्यांना आता जिन्याखाली बसवलंय. खाली सोंगट्या खडखडल्या की वर ऐकू येतं, आणि इपोह शहराहून आलेल्या एका बाईंनी तर 'कथिलाच्या खाणीचा आवाज काय हुबेहूब भरलाय' म्हणून कौतुक केलं. (हे कळल्यापासून माहजोंगवाले मंडळाकडे फुकट चहा मागतात.) ही सगळी करणी अध्यक्षांची, म्हणजे दाताच्या डॉक्टर लिऊंची. निवृत्त झाल्यापासून त्यांनी लोकांचे दात उपटणं सोडून लोकांचे पूर्वज उपटायला घेतलेत. चीनहून कोण आलं, कसं आलं, काय घेऊन आलं, असं विचारत ते घरोघर फिरले आणि मिळेल ते घेऊन गेले. आपण आजोबांचा फोटो दिला. तोच, आपल्या कॉफीच्या दुकानात गल्ल्याच्या वर लावलेला. फोटो काढताना त्यांची पापणी मिटली होती, गालही बसलेले होते आणि मान एका बाजूला कलली होती. घरात आपण सगळे त्याला 'विचारमग्न' म्हणत आलो. गिऱ्हाइकांनी विचारलं तर मी सांगायचो, हे आमचे आजोबा, फूंगशेठ, स्वतःची कथिलाची खाण होती, लढाईत जपान्यांनी हिसकावली.

पुतळे करायला आणला देवळातल्या मूर्ती करणारा माणूस. बिचाऱ्याला जन्मात देवाशिवाय काही करायला मिळालेलं नाही. त्यामुळे संग्रहालयातला प्रत्येक कुली छाती काढून, भुवया चढवून, आत्ता राक्षस मारायला निघाल्यासारखा उभा आहे. मैल्याच्या बादल्या वाहणाऱ्यापुढे तर कोणीतरी उदबत्ती लावली. (झाडणारीनं विझवली, पण आधी हात जोडले.)

उद्घाटनाला मी कोट घातला. आईनं हिरवं रेशमी झंपर घातलं आणि चाकांच्या खुर्चीत अशी बसली, की जणू संग्रहालय तिच्याच बापाचं. मी तिला खाली सरबताच्या टेबलापाशी ठेवून आधी एकटाच वर गेलो. आद्य पुरुषांच्या भिंतीवर लिऊंचे आजोबा तीनदा होते, बसलेले, उभे आणि सायकलसह. आपले एकदाही नव्हते. मी मनाला समजावलं, एवढ्या मोठ्या माणसाला वेगळी खोली दिली असेल.

दिली होती. आतल्या खोलीत लाल दिवा होता. लाकडी खाट होती. आणि खाटेवर, तोंडात हातभर नळी घेऊन, आपले आजोबा आडवे पडले होते. तीच मिटती पापणी, तोच हनुवटीवरचा तीळ आणि सुपासारखे फूंगांचे कान. खाली पाटी, 'अफूच्या आहारी गेलेला अज्ञात मजूर'. दादा, मी बसायला काहीतरी शोधू लागलो. टेकायला जागा एकच होती, आणि तिच्यावर आजोबा होते.

मी लिऊंना बाहीला धरून आत आणलं.

"हे काय आहे?"

"छान झालाय ना?" ते म्हणाले. "बाकी सगळे देव झाले बघा. हा एकटाच माणूस झाला. फोटोच तसा बोलका होता हो!"

"हे माझे आजोबा आहेत!"

"म्हणून तर 'अज्ञात' लिहिलंय. कोणाला कळणार आहे?"

एवढ्यात मासळीवाली आह खिऊ आत डोकावली, खाटेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडली, "अगं बायांनो, वर या लवकर! कॉफीवाल्या मिनचा आजा अफू ओढतोय!"

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता उठवा त्यांना. लिऊ म्हणाले, उठवतो, पण मग उभं कुठं करू? रिकामी जागा फक्त मैल्याच्या बादल्यांपाशी आहे. वर मलाच विचारतात, "तूच ठरव, अफू की मैला?" घराण्याची अब्रू दोन्हीकडून तुंबली म्हणतात ती अशी. मी विचार करतोय, तोवर मागून चाकांची करकर आली. आह खिऊनं आईला खुर्चीसकट उचलून वर आणलं होतं. (मासळीच्या टोपल्या उचलून तिचे दंड कसे झालेत ते तुला माहीतच आहे.) मी कोट पसरून दारात उभा राहिलो. आई म्हणाली, "बाजूला हो, वटवाघळासारखा काय उभा आहेस?"

तिनं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मी मनात डॉक्टरचा नंबर आठवत होतो. मग ती म्हणाली, "कूस चुकली."

"काय?"

"मामंजी डाव्या कुशीवर ओढायचे. उजव्या कुशीवर त्यांना खोकला यायचा. आणि दिवा इतका लांब नसायचा. मीच लावून द्यायचे ना."

मी हळूच म्हटलं, आई, आणि खाण? जपान्यांनी नेलेली?

"जपान्यांनी काय नेलं? न्यायला उरलं होतं काय! सासूबाई सांगायच्या, ते यायच्या आधीच सगळी खाण त्या नळीतून वर गेली होती."

"मग आम्हाला कधी सांगितलं का नाहीस?"

"शाळेत जायचात तुम्ही. मुलांना ताठ मानेचा आजा लागतो. म्हटलं, असू दे."

दादा, तुला तो गोड, जळक्या गुळासारखा वास आठवतो? आपण त्याला आजोबांचं औषध म्हणायचो. मी तिथे उभा होतो आणि मला तो वास येत होता. आईला राग आलेला नव्हता. तिनं हात पुढे करून पुतळ्याची कॉलर सरळ केली, सवयीनं. मग चौफेर बघितलं आणि लिऊंना विचारलं, "डॉक्टर, आमच्या सासूबाई कुठायत?"

लिऊंनी इकडे तिकडे पाहिलं. सगळ्या माडीवर बाई म्हणून एकच, नवरीचा लाल पोशाख चढवलेली बाहुली, आणि तिला डोकं नव्हतं.

"बायकांचे फोटो मिळाले नाहीत हो," लिऊ पुटपुटले.

"काढायला वेळ कुठं होता? कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून लाकडी परातीत वाळू धुवायच्या. तिच्यातून चिमूटभर कथिल निघालं की आमच्या घरात भात. त्यांना नुसतं बाहेरच ठेवलंत होय?"

पंचवीस वर्षं मी लिऊंपुढे तोंड उघडून बसलोय. त्या दिवशी प्रथमच त्यांचं तोंड उघडं आणि बंद होताना पाहिलं. शेवटी ते म्हणाले, चेहराच नाही तर पुतळा करायचा कसा? आई म्हणाली, "मी सांगते ना." आणि गेला महिनाभर तो मूर्तीवाला आईसमोर माती घेऊन बसतोय. दोनदा त्यानं देवळातली करुणादेवी केली, दोनदा आईनं नाक मोडलं. "इतकी शांत बाई आमच्या घरात टिकली नसती," म्हणते. परवा तिसरी झाली. कपाळाला आठी आणि ओठ घट्ट मिटलेले. आईनं नुसता डोळ्यांना पदर लावावा तसा रुमाल लावला, आणि घरी येऊन जेवली नाही. तेव्हा मला कळलं, की बरोबर झाली.

असो. बाकी विशेष नाही. प्रकृतीला जप.

तुझा,
याऊ मिन

ता. क. : 'अज्ञात' ही पाटी आईनं काढायला लावली. आता तिथे आजोबांचं पूर्ण नाव आहे आणि त्याखाली 'थोरले नातू श्री. फूंग याऊ सेंग, पर्थ, यांच्या सौजन्याने' असं आहे. मान थोरल्याचाच, म्हणून माझं नाव मी घालू दिलं नाही.

ता. क. २ : पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. आई आता रोज संग्रहालयात जाऊन बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला घराण्याचा इतिहास सांगते. लिऊंनी तिच्यासाठी पंखा बसवलाय, कारण गर्दी वाढलीय. माहजोंगवालेसुद्धा डाव टाकून वर येऊन ऐकतात. आजोबा संपले. गेल्या आठवड्यात ती बाबांवर आली. या वेगानं नवीन वर्षाच्या आत आपल्या दोघांवर येणार. तरी कृपा करून तिला ताबडतोब पर्थला बोलावून घे. वहिनींना मी समजावतो.

ता. क. ३ : आत्ताच आईला विचारलं. पर्थला जायला तयार आहे. फक्त तिकडे आपल्या लोकांचं संग्रहालय आहे का, आणि किती वाजता उघडतं, ते आधी कळव म्हणते.