खिशात मावलं पायजे

बाबा, शेजारच्या क्वार्टरमधला रिटायर फोरमन काल मोबाईल घेऊन आला. म्हणे, "काकू, लायसन झालं. आता पिस्तूल घ्याचं आहे, रोज खिशात राहीन असं. तुमच्या बाबांजवळ होतं म्हणतात, तं कोणतं घेऊ?" मोबाईलवर फोटोच फोटो. मी म्हटलं, "फोटोत काय समजते? दुकानात जाय, खिशात टाक अन् उकिडवा बैस. पोटाले टोचलं नाही, उठताना वर आलं नाही, तं घे." त्याले वाटलं बुढी मजाक करून राहिली. चहा पिऊन गेला. तेव्हापासून तुमच्याशी बोलावं वाटून राहिलं, म्हणून लिहायले बसली. चौथीपर्यंतची शाळा, चुका होतीन. वाचून घ्या.

तवा इथला लोखंडाचा कारखाना बांधणं चालू होतं. जिकडं पाहा तिकडं खोदलेली माती अन् लोखंड. आपण दोघंच राहात होतो मजुरांच्या क्याम्पातल्या खोलीत. आई गावीच वारली होती. तुमी ठेकेदाराचे मुंशी, हप्त्याच्या चुकाऱ्याच्या दिवशी दुर्गच्या बँकेतून मजुरीची थैली सायकलवर आणाचं काम तुमचं. दुसऱ्या एका ठेकेदाराच्या मुंशीले रस्त्यात पाडलं, डोक्यात काठी घातली, थैली नेली. तो वाचला, पण बायकोले ओळखे नाही. तवा आपल्या ठेकेदारानं तुमाले लायसन काढून देल्लं अन् म्हणाला, काय पायजे ते घ्या, पण जिवंत येत जा. मलेबी तेवढंच पायजे होतं. तुमच्याशिवाय मले होतं कोण?

नागपूरले मले संग नेलं, कारण खिसा मी शिवणार होती. दुकानदारानं आंधी मोठं रिवाल्वर काढलं. म्हणे, ह्याचा धाक पडते. तुमी म्हटलं, "धाक नाही पाडाचा. कोणाले दिसलंच नाही पायजे." मंग त्यानं चक्रीवालं लहान देल्लं. तुमी खिशात टाकलं अन् दुकानाच्या मधोमध उकिडवे बसले. दुकानदार म्हणे, "हे काय करून राहिले?" तुमी म्हटलं, "मजुराईत माणूस असाच बसते. चुकारा खालीच बसून होते, खुर्चीवर नाही." चक्री पोटात रुतली. उठले तं वरचा घोडा कापडात अटकला. तेबी गेलं. शेवटी एक चपटं पिस्तूल आलं, घोडा आतच, तळहाताएवढं. बसले, उठले, वाकले, सायकलीवर टांग टाकल्यासारखं केलं. खिसा जसाच्या तसा. दुकानदार म्हणे, "पण मुंशीजी, ह्याची गोळी दूर काम नाही करत." तुमी म्हटलं, "दूरचा माणूस थैली कशी नेईन? नेणारा जवळच येईन." मी बोटानं माप घेतलं अन् आपण गाडीत बसलो. सारा रस्ता तुमी खिडकीबाहेर पाहून राहिले होते. मी खुश होती, आता तुमाले कोणी हात नाही लावणार.

खिसा मी चुकवला. आपल्याकडं बंडीले चोरखिसा शिवते तसाच शिवला, तोंड बारीक अन् पोट खोल, बाजारात कोणाचा हात जाऊ नये म्हणून. तुमी हात घातला, पिस्तूल धरलं, अन् मूठ बाहेर येईना. इकडं ओढा, तिकडं ओढा. "अवं माय, हा तं मालकालेच चोर समजते." आपण दोघं इतके हसलो का बाजूच्या खोलीतली बाई पाहायले आली, तं तुमी पाठ फिरवून उभे, हात खिशात. मंग मी तोंड मोठं केलं, तिरपं कापलं, आतून जाड जीन लावली. मोच्याकडून चाप झाकेल असा चामड्याचा कप्पा करून घेतला. त्या खिशात दुसरं काही ठेवाचं नाही, हे तुमीच ठरवलं. बिडी नाही, किल्ली नाही, तंबाखूचा भुगा नाही. नळीतबी गोळी ठेवत नव्हते. कोणाले कळू द्याचं नाही, ठेकेदार अन् मी सोडून.

पण तुमचा हात खिशाकडंच जाये. चुकाऱ्याच्या दिवशी माती वाहणारी एक बाई म्हणे, "का होगे मुंशीजी, पेट पिरात हे का?" पोट दुखते समजून दुसऱ्या दिवशी तिनं पुडीत ओवा आणून देल्ला, तिच्यासमोर खावा लागला तुमाले. घरी येऊन सांगतलं, तं मी हसली, तुमी नाही. बाहेर खाटेवर पत्ते खेळणं बंद झालं, कारण तिथं सारे खेटून बसतात. मी वाढायले आली तं म्हणत, "उजवीकडून नको येऊ माय." मी डावीकडून वाढायले शिकली. अजूनबी कोणाले वाढलं तं हात डावीकडूनच जाते.

अन् मंग तो दिवस. पावर हाउस म्हणतात त्या बाजारात आपण कांदे घेऊन राहिलो, भर दुपार. तुमचा गावचा जोडीदार, ज्याच्या संग शंकरपटात तुमी बैलजोडी हाकलली, तो आपल्याले भेटायले म्हणून आला होता. त्याची जुनी खोड. मागून आला अन् तुमच्या डोळ्यावर हात ठेवले. "ओळख बे कोण?" मी त्याले पाह्यलं होतं, मी हसूनच राहिली होती. तेवढ्यात तुमचा हात बाहेर आला. कुठं अटकला नाही, एवढा चांगला खिसा शिवला होता मी. पिस्तूल त्याच्या पोटाले लागलं. नळी रिकामी होती, पण त्याले काय माहीत? त्यानं हळूच हात काढले. पिस्तुलाकडं पाह्यलं, मंग तुमच्याकडं. म्हणे, "मी आहो बे. मीच आहो."

कांदेवाला मान खाली घालून कांदेच मोजत बसला. घरी आणलं त्याले. मी वरण-भात केला. तो जेवला, पण दाराजवळ बसून. म्हणे, "लेक मोठी झाली." एरवी आठ-आठ दिवस राहणारा माणूस संध्याकाळच्या पॅसेंजरनं गेला. तुमी स्टेशनवर गेले नाही, मीबी जा म्हटलं नाही. त्याच्यानंतर गावी लग्नात गेलो, तं लोकं तुमाले पाहून उठून उभे राहत. "रामराम मुंशीजी, या, बसा." मानानं बसवत, अंगाले अंग लागू देत नव्हते. तुमाले 'बे' म्हणणारा एकबी उरला नाही. परतताना गाडीत मी म्हटलं, "देऊन टाका ना ते पिस्तूल. दुसरं काम पाहा." तुमी म्हटलं, "अन् मले काही झालं तं तुह्याजवळ कोण राहीन?" मी शिदोरी सोडली अन् तुमाले भाकर देल्ली.

ठेका संपला, पिस्तूल जमा झालं. कोणावर एक गोळी सुटली नाही. तुमी म्हातारे होऊन माह्या घरी खाटेवर गेले, माह्या हातचं पाणी पिऊन. लोकं म्हणाले, भाग्यवान. मी म्हटलं, हो. पण शेवटची इतकी वर्षं संध्याकाळी बाहेर खुर्ची टाकून बसत, अन् बाजूची खुर्ची रिकामीच राहे, ते मी रोज पाहात होती.

आता तुमचे जावईबी नाहीत. पोरगा बाहेरगावी आहे, फोन करते, घाईत असते, मलेबी लांबण लावलेली आवडत नाही. सेक्टर सहाच्या ह्या क्वार्टरात मी एकटी. कोणी विचारलं तं म्हणते, भेव कायचं? पण अनोळखी माणसानं दार वाजवलं, का उघडायच्या आंधी आत तोंड करून मोठ्यानं म्हणते, "बाबा, पाहा बरं कोण आलं." बाहेरच्याले वाटते घरात माणूस आहे. आवाज ठणठणीत आहे माहा. कोणाले शंका येत नाही.

ही चिठ्ठी कुठं टाकाची, ते मले माहीत नाही. राहीन इथंच. एकच सांगाचं राहिलं. परवा दुपारी दार कोणीच वाजवलं नव्हतं. तरी म्हटलं, "बाबा, पाहा बरं."