तुझ्या क्रीमी सूपबद्दल लेखी तक्रार

शनिवार, १४ मार्च, सकाळी दहा वाजून बावीस मिनिटे. (ही वेळ मी स्वयंपाकघरातल्या घड्याळात पाहिली. आता त्यात काही दिसत नाही, कारण त्यावर सूप आहे.)

प्रिय चिमणे,

तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला थांबला का? माझी तब्येत विचारू नकोस, तीच सांगायला बसले आहे. एकतीस वर्षं मी तक्रार निवारण कक्षात लोकांच्या तक्रारींना उत्तरं दिली, तेव्हा तक्रार कशी लिहायची हे मला कोणी शिकवायला नको. आधी वेळ, मग घटना, मग जबाबदार व्यक्ती. जबाबदार व्यक्ती तू आहेस.

घटना अशी. तुझ्या ब्लॉगवरचं ‘क्रीमी व्हेगन व्हेजिटेबल सूप’ मी आज करायला घेतलं. पहिले सात परिच्छेद तुझ्या गॅलरीतल्या कुंड्यांवर आहेत. यातली कुठली कुंडी सूपमध्ये घालायची हे मी चष्मा लावून शोधत होते. आठव्या परिच्छेदात एकदाचं गाजर आलं. मग ‘मूठभर काजू’. कोणाची मूठ, चिमणे? तुला आजही लहान मुलांचे हातमोजे होतात, आणि माझ्या मापाचे दुकानात मिळत नाहीत. मीठ ‘चवीनुसार’, पाणी ‘लागेल तसं’, आणि मग ते वाक्य: ‘सगळं गरम असतानाच मिक्सरमधून फिरवून घ्या.’ मी आज्ञाधारक, फिरवलं. झाकण छताला लागलं आणि राहिलेलं काम पंख्याने केलं. आमचे हे डोक्यावर वर्तमानपत्र धरून दारात आले, ‘छत्री आणू का?’ असं विचारलं आणि परत गेले. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने आपण होऊन देऊ केलेली ही पहिलीच मदत.

आता तू म्हणशील, मग गेल्या महिन्यात माझ्या रेसिपीखाली ‘आमच्याकडे हे दर आठवड्याला होतं, भांडं चाटूनपुसून रिकामं’ असं तूच लिहिलंस ना? हो, लिहिलं. न करता लिहिलं. आपण सगळ्याच ब्लॉगवाल्या एकमेकींबद्दल असंच लिहितो. माझ्या भोपळ्याच्या केकखाली तू ‘मुलांनी बोटं चाटली’ असं लिहिलंस, तेव्हा तुझी दोन्ही मुलं परदेशात होती. आपल्या आपल्यातली ही रीत आहे, तिला कोणी खोटं बोलणं म्हणत नाही. पण या वेळी ते सूनबाईने वाचलं.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी तक्रारीत पार्श्वभूमी लागते म्हणून लिहिते. सूनबाई व्हेगन. दूध, दही, लोणी, मध काही म्हणजे काही चालत नाही. पाच महिन्यांपूर्वी मी तिच्या उकडलेल्या बटाट्यांवर लोणी सोडलं आणि तिने विचारल्यावर म्हणाले, ‘इतक्याशा लोण्याने काय होतंय?’ ती भांडली असती तर बरं झालं असतं. माझी तयारी होती, मुद्देही होते. तिने चमचा खाली ठेवला, स्वतःचं ताट धुतलं आणि घरी गेली. तेव्हापासून मुलगा एकटाच येतो आणि ‘तिला काम आहे’ असं माझ्याकडे न बघता भिंतीला सांगतो. आणि परवा तिचा आपण होऊन फोन. ‘आई, तुमची कमेंट वाचली. ते सूप तुम्ही खरंच दर आठवड्याला करता? मग गुरुवारी आम्ही जेवायला येऊ?’ पाच महिन्यांनी तिच्या तोंडून ‘आई’ ऐकलं, चिमणे. तिथे मी तिला ब्लॉगवाल्यांची रीत समजावत बसणार होते का? ‘ये ना,’ म्हटलं. फोन ठेवला आणि खुर्ची शोधली.

म्हणून आजची ही रंगीत तालीम. (रंगीत म्हणजे किती, ते छताकडे बघून कळेल.) दुसऱ्या खेपेला सगळं निवू दिलं आणि मग फिरवलं. पाणी एकीकडे, भाज्या एकीकडे आणि मध्ये काहीतरी रवाळ. फोटोत तुझं सूप साटिनसारखं दिसतं. मी पातेल्यासमोर उभी, डोळ्यांपुढे गुरुवार. पुढचं मी केलंच नाही, माझ्या हातांनी केलं. शाळेत मी मॉनिटर असताना गृहशास्त्राच्या तासाला सिस्टरने आपल्याला व्हाइट सॉस शिकवला तो आठवतो? एक गुठळी दिसली की हातावर पट्टी. पन्नास वर्षं झाली, पण पातळ सूप दिसलं की हात अजून तिकडेच जातो. चार मिनिटांत सूप असं झालं की तुझ्या फोटोने मान खाली घालावी. यांनी तीन बाऊल संपवले आणि म्हणाले, ‘आता जमलं! घातलंस काय यात?’ मी मोठ्या ऐटीत सांगितलं, ‘लोणी, मैदा, दूध.’ आणि माझंच बोलणं माझ्या कानांवर पडलं. यांचा चमचा अर्ध्यावर थांबला. ‘अगं, म्हणजे गुरुवारी...’ म्हटलं, गप्प बसा.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. सूप बिघडलं तर बिघडेल, माझी भीती ती नाही. ती टेबलाशी बसलेली असेल, सूप जरा पातळ दिसेल, आणि माझे हात मला न विचारता फ्रीज उघडतील. ती पुन्हा काही बोलणार नाही. पुन्हा ताट धुऊन जाईल. आणि या वेळी फोन येणार नाही.

तरी खालील खुलासा करावा. काजू किती, वजनाने. पाणी किती, मापाने. आणि हे सूप तू स्वतः आयुष्यात एकदा तरी केलं आहेस का. उत्तर लेखी हवं, बुधवार १८ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत. फोनवर तू नुसती हसतेस, ते चालणार नाही. पत्र घेऊन हे येत आहेत. त्यांना काही खायला देऊ नकोस, तीन बाऊल झालेत.

तुझी (तूर्तास),
मॉनिटर

ता. क. मिक्सरच्या झाकणाचं रबर गेल्या वर्षीच गेलं आहे. हा मुद्दा तक्रारीत धरू नये.

ता. क. २. घरात काजू नव्हते, म्हणून शेंगदाणे घातले. नारळाच्या दुधाऐवजी पाणी, आणि सेलरीऐवजी कोबी. तरीही रेसिपीत मुळातच दोष आहे, हे माझं मत कायम आहे.

ता. क. ३. खुलासा सावकाश दिलास तरी चालेल. गुरुवारी दहा वाजता तू ये. येताना काजू आण. हे सकाळीच दूध आणि लोणी शेजारी ठेवून येणार आहेत, पण शेजारचं दार चार पावलांवर आहे आणि मी मला ओळखते. तू दारात खुर्ची टाकून बस आणि मला बाहेर सोडू नकोस. ती आली की सूप वाढायच्या आधी मला तिची माफी मागायची आहे. लोण्याबद्दल, आणि त्याहून जास्त ‘काय होतंय’ म्हणाले त्याबद्दल. मला ते कधी जमलेलं नाही, तुझ्यापुढेही नाही. मी अडखळून हवापाण्यावर बोलायला लागले, तर टेबलाखालून लाथ मार. ‘येते’ एवढा एकच शब्द, लेखी, बुधवारी पाचच्या आत.