ध्रुवाचं पाणी टेलला येत नाही

आबा, उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रावरचा बर्फ अजून आकसतोच आहे. ही बातमी तुम्ही पहिल्यांदा ऐकलीत ती निरवांगीच्या दूध केंद्रावर, किटली हातात घेऊन. टीव्हीवरची बाई गंभीर चेहऱ्याने बर्फ वितळल्याचं सांगत होती आणि रांगेतल्या सगळ्यांना एवढंच कळलं, की कुठंतरी पाणी सुटलंय. कालव्याच्या शेवटच्या टोकाला, टेलला, जन्म काढलेल्या माणसांना दुसरं काय कळणार? तुम्ही तर लगेच निकाल दिलात, "वरचीच मंडळी भिजवून घेत्याल. टेलला काय येत न्हाय." असल्या वाक्यांवरच मी आज बारामतीत बसून विनोदी लेखिका म्हणून पोट भरते.

परवा तुमच्या धाकट्या लेकाचा फोन आला. माघ सरला नाही आणि गाई जीभ बाहेर काढून धापा टाकतायत, दूध निम्म्यावर आलंय, गुरुवारी व्यापारी येणार, सगळ्या देऊन टाकतो म्हणाला. मी गेले. त्याचा नवा गोठा तुम्ही गेल्यानंतरचा, तुम्ही पाहिला नाहीत. वर गडद निळा पत्रा, आसपास कुणाचा नाही असा. खाली उभं राहिलं तर माणसाची भाकरी व्हावी.

मला तुमचा जुना गोठा आठवला. शिमगा नुकताच झालाय. तुम्ही धोतर खोचून पत्र्यावर चढलाय, मी शिडीवरून कालवलेल्या चुन्याची बादली वर देतेय, आणि तुम्ही केरसुणीनं चुना फासता फासता सांगताय, "ऊन पावण्यावानी असतंय. पांढरं फटक तोंड दाखवलं की दारातनंच माघारी जातंय." समुद्रावरचा बर्फ म्हणजे पृथ्वीच्या पत्र्यावरचा चुनाच की, आबा. तो गेला की खालचं काळं पाणी उघडं पडतं, ऊन पीत बसतं, आणि तापलं की उरलेला बर्फही खातं. ते पाणी टेलला येत नाही, हे तुमचं बरोबर. झळ मात्र येते. तिला कालव्याच्या पाण्यासारखी पाळी लावावी लागत नाही.

हे सगळं मी धाकट्याला समजावलं. तो म्हणाला, "आक्का, तितला बर्फ ऱ्हाऊ दे. हितल्या गाईंचं बोल." मी म्हटलं, मग पत्र्याला चुना दे. नवरदेवाच्या फेट्यावर चुना ओतायला सांगावं, तसं त्याचं तोंड झालं. एवढ्या हौसेचा पत्रा, लोक काय म्हणतील? लोक चार दिवस म्हणतील, व्यापारी गाई कायमच्या नेईल, असं मीही सुनावलं. तो बराच वेळ एका गाईच्या कानामागं खाजवत उभा राहिला. तुमच्या बांड्या गाईच्या वंशातली आहे ती. मग चुना आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही दोघांनी पत्रा पांढरा केला. तुमची मुलगी या वयात शिडीवर कशी दिसत होती, ते विचारू नका. दुपारी गाई खाली बसल्या, रवंथ करू लागल्या. धाकट्यानं व्यापाऱ्याला येऊ नको म्हणून कळवलं आणि माझ्याकडं वळला. "आक्का, टिकत्याल न्हवं गाई?"

"टिकतील की," मी म्हणाले.

मला ठाऊक नाही, आबा. चैत्र-वैशाख अजून यायचेत. हे त्याच्याजवळ बोलवेना, म्हणून तुम्हाला लिहिलं. तुम्ही कुणाला सांगणार नाही.