धडक अंगावर घेणारा

भरतदादा,

नर्मदेवरच्या धरणाच्या फुगवट्यात मोठी बोट आपल्या बोटीवर आदळली, त्या दिवशी काठावर येताच मी तुला म्हणाले, "तू बोट वळवलीस, म्हणूनच धडक बसली." भीतीनं तोंडून भलतंच निघालं. तुझा पाय मोडला होता, तरी माझ्या लेकीला तूच पाण्यातून काढलंस.

काल धडगावला चौकशीत मी खरं सांगितलं. मोठी बोट पुढे बसलेल्या आम्हा बायकांवरच येत होती. मागे इंजिनाजवळ तू एकटाच होतास. बोट फिरवून तू धडक स्वतःच्या अंगावर घेतलीस. मी तसं लिहून सही केली. साहेब म्हणाले, "मग त्याचा दोष नाही."

हे पत्र टाकत नाही, दादा. एवढे उपकार कागदावर कसे फेडू? उद्या लेकीला घेऊन जीपने तुझ्या घरीच येते.

तुझ्या बोटीतली,
निशा