बेल एकदाच वाजवावी

रविवार, १८ सप्टेंबर २००५

काल गणपती गेले आणि आज मी आलो. नारायण पेठेत, स्वतःच्या फ्लॅटमध्ये! वाशिमला जीपखाली उताणा पडून काम शिकलेला बद्रीनाथ आता हडपसरच्या आयटी कंपन्यांचे जनरेटर सांभाळतो आणि पेठेत राहतो. हे दुसरं कुणी लिहिणार नाही, म्हणून खिशातल्या डायरीत मीच लिहून ठेवतो.

माझं भांडवल म्हणजे कान. इंजिन लांबून ऐकलं तरी बिघाड सांगतो. नव्या जागेत शिरलो की आधी टाळी वाजवून बघायची सवय आहे. इथला हॉल खणखणीत वाजला.

घर विकणारे दिगंबरपंत एकटेच राहत. पत्नी गेल्या, मुलगा बेंगळुरात, तिकडेच निघाले. जाताना गॅलरीतल्या कुंड्या माझ्या गळ्यात मारल्या. माशा खाणारी झाडं! व्हीनस फ्लायट्रॅप. नळाचं पाणी चालत नाही म्हणे, डिस्टिल्ड वॉटर लागतं. मला हसू आलं. बॅटरीच्या पाण्याचे कॅन माझ्या गोदामात छताला लागलेत.

मग त्यांनी रीत समजावली. पान म्हणजे दोन ओठ, कडेला पापण्यांसारखे केस, आत बारीक कुसं. कुसाला एकदा स्पर्श झाला तर झाड गप्प राहतं. पाण्याचा थेंबही असू शकतो. लगेच दुसऱ्यांदा झाला की पान मिटलंच. आतली माशी धडपडली की पान घट्ट आवळतं, आणि आठवड्याने उघडतं तेव्हा नुसतं टरफल उरतं. माशी अजिबात हलली नाही, तर फसलो समजून दुसऱ्या दिवशी आपणहून सुटतं. म्हणून मेलेली माशी घातली तर पान बाहेरून काडीने चोळत बसायचं. मी म्हटलं, माणसापेक्षा हुशार आहे. ते हसले नाहीत.

दारावर त्यांची पाटी आहे: ‘बेल एकदाच वाजवावी. दुसऱ्यांदा वाजवणाऱ्याची जबाबदारी आमच्यावर नाही.’ पुण्याच्या पाट्यांबद्दल ऐकलं होतं, आता एक घरासोबत फुकट मिळाली.

द्वारका दसऱ्याला येईल. उद्यापासून पितृपक्ष, त्यात नव्या घरात पाऊल ठेवणार नाही म्हणाली. ती आली की बेल दोनदा वाजेल, टिंग-टिंग. लग्नापासूनची आमची खूण आहे. कितीही कामात असलो तरी कळतं, हीच आली.

मंगळवार, २० सप्टेंबर

पाटी काढून भंगारवाल्याला दिली. नवी लावली: ‘या. बसा. जेवूनच जा.’ समोरचे बाबुराव चष्मा कपाळावर सरकवून वाचत उभे राहिले. म्हणाले, वऱ्हाडात ठीक आहे हो, इथे लोक खरंच थांबतील. माणूस तिरकस, पण मला आवडला.

गंमत म्हणजे घरात एक माशी नाही. झुरळ नाही, पाल नाही. मंडईतून बरणीत माशा धरून आणाव्या लागतात. चिमट्याने एकेक आत सोडतो. पान मिटताना अगदी हलका आवाज होतो, ओठावर ओठ टेकल्यासारखा. दुसऱ्या कुणाला ऐकू येणार नाही.

शनिवार, २४ सप्टेंबर

हडपसरहून आलो तर दारात चपलांचा जोड. बाबुराव म्हणाले, केबलवाला विक्रम वसुलीला आला होता, घोड्यावर बसल्यासारखी दोनदा बेल मारली आणि गेला की आत. मी विचारलं, आत कसा जाईल? किल्ली माझ्या खिशात. ते म्हणाले, दार उघडलं म्हणून गेला. कुणी उघडलं ते तुम्ही बघा, घर तुमचं.

कुलूप जसंच्या तसं. आत कुणी नाही. टाळी वाजवली. थप! कापसाच्या गाठींनी भरलेल्या गोदामात वाजावी तशी. भिंती कोमट लागतात.

आज झाडांना काही घातलं नव्हतं, तरी सगळी पानं मिटलेली.

बुधवार, २८ सप्टेंबर

विक्रमची बायको येऊन चपला ओळखून गेली. माझ्याकडे न बघता उचलल्या. हवालदार घर बघून गेला, त्याला काही दिसलं नाही. त्याने बेल एकदाच वाजवली होती.

हॉल अजून थपथपतो. पानं मिटलेलीच. भिंतीला कान लावला तर आत काहीतरी गिळल्यासारखं... जुने पाइप असतील.

रविवार, २ ऑक्टोबर

सगळी पानं उघडली, एकदम. मी टाळी वाजवली. खणखणीत.

सोफ्यामागे शर्ट-पँट सापडली. गुंड्या लावलेल्या, पट्टा आवळलेला. आत काहीतरी कोरडं होतं. उचललं तर वजनच नाही.

दिगंबरपंतांना फोन केला. मी बोलण्याआधीच त्यांनी विचारलं, पाटी आहे ना? काढली, म्हटलं. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, आमच्या हिला बेल दोनदा वाजवायची सवय होती. फोन ठेवला. परत लावला तर उचलत नाहीत.

दारावर खडूने लिहिलं, एकदाच वाजवा. दार ओलसर आहे, अक्षरं ओघळून जातात. कागद चिकटत नाही. माझी पाटी मात्र निघत नाही. स्क्रू लाकडात रुतून बसलेत.

गोदामात झोपायला चाललो. द्वारकेला इथे आणायचं नाही. कधीच नाही.

सोमवार, १० ऑक्टोबर

वाशिमचा फोन आठवडाभर बंद होता; आज लागला, तिची बहीण बोलली. द्वारका निघाली! भावाच्या जीपमधून, एक दिवस आधीच. दाराला तोरण स्वतः बांधायचं म्हणून. मला सांगू नका म्हणाली, गंमत करायची होती. मोबाइल तिच्याकडे नाही, भावाकडेही नाही. पत्ता आहे.

रस्त्यावर उभा राहून तिला अडवीनच. पण चुकामूक झाली तर? आधी बेल तोडतो. दोन वायरी, माझं रोजचं काम.

सोमवार, नंतर

मेन स्विच बंद केला. मग स्टुलावर चढलो. स्क्रूड्रायव्हर लागला, वाजली. करंट नसताना वाजली. दचकलो, हात हलला आणि—

माझ्याच हाताने. दोनदा.

दार मिटलं. हॉलही. भिंत पाठीला आहे, दुसरी छातीला. मोबाइल ओट्यावर वाजतोय, हात पोचत नाही. डायरी खिशात होती. फक्त बोटं हलवतोय.

हललो नाही तर उद्या सुटेल. दिगंबरपंत म्हणाले होते. माशी हलली नाही तर—

श्वास हळू घे, बद्रीनाथ.

मंगळवार

उजाडलं. हललो नाही. पाय गेलेत, पण भिंत सैल झालीय. खरंच सैल. दाराखाली उजेडाची रेघ. अजून थोडं. ती येण्याआधी—

खाली जीप थांबली.

इंजिन ओळखतो मी ते. तिच्या भावाचीच.

जिन्यात जोडवी. पहिल्या वळणावर दम खातेय. काही गुणगुणते. झेंडूचा वास—

आता हललो तर माझं संपलं. नाही हललो तर तिचं.

वाजली. एकदा.

ओरडलो. सगळ्या अंगाने ओरडलो, द्वारके, पळ. भिंतीने आवळलं. आवाज बाहेर जात नाही. गादीत तोंड खुपसून ओरडावं तसा— मला तिचं सगळं ऐकू येतं, तिला माझं—

बाबुराव बाहेर आलेत. सांगतायत, पूर्वी इथे एकदाच वाजवायची पाटी होती बाई, आता जेवूनच जा म्हणतात, तेव्हा वाजवा खुशाल. ऐकू गेलं नसेल.

ती हसली. ह्यांना? म्हणाली, कान फार तिखट आहेत हो ह्यांचे. पण एकदा वाजवली तर ओळखत नाहीत. दोनदा वाजली की कळतं त्यांना, मी आ—