चार इंची पाइपाचा उजेड

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली तो फक्त कागदावरच जमतो.) तुझी साखर, वहिनींची कंबर आणि आईचा आवाज, तिन्ही ताब्यात असतील अशी आशा. कवळीबद्दल विचारत नाही. ती मी बसवली आहे, तेव्हा ती ठीकच असणार. काही टोचत असेल तर दोष तुझ्या तोंडाचा.

वहिनींनी परवा फोनवर विचारलं, "वन्सं, तुम्ही म्हणे दवाखान्यात नळाचे पाइप आणून ठेवता?" खरं आहे. बेसिनची जोडणी बदलली तेव्हा प्लंबर हातभर तुकडा विसरून गेला. दुपारी पेशंट नव्हता, दाढा कोरायचं जुनं, निवृत्त यंत्र हाताशी होतं. पाडली भोकं. आत बल्ब सोडला तर भिंतभर चांदणं! दादा, एकोणतीस वर्षं मी लोकांची भोकं बुजवतेय. पाडण्यात इतकं सुख असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मग काय, हाव सुटली. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन चार इंची पाइप मागितला. दुकानदारांनी विचारलं, "किती मजल्यांचं काम आहे?" म्हटलं, "वेलबुट्टीचं." माणूस हसला नाही. पांढरा पाइप काढून दिला आणि बजावलं, "आत एलईडीच लावा. जुना बल्ब तापला की पाइप मान टाकतो." आता पाइपवाल्याचं डॉक्टरने ऐकायचं म्हणजे शिक्षणाचा अपमान. मी घरातला जुना साठचा बल्ब लावला आणि दिवा बाहेरच्या खोलीत, पेशंट बसतात तिथे ठेवला. तासाभरात तो हळूहळू कमरेत वाकला आणि वास सुटला. बाकावर इंजेक्शन घेऊन एक निवृत्त फौजदार बसले होते. आतून ड्रिलची घरघर, बाहेर जळका वास. त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं आणि अर्धा जबडा बधिर असताना, चपला टाकून पळाले. आमच्या मदतनीस बाई (अठरा वर्षं माझ्याकडे आहेत, म्हणून मला घाबरत नाहीत) म्हणाल्या, "मॅडम, ठरवा. दिवा तरी राहील नाहीतर मी तरी."

दुसऱ्या दिव्यावर कळ्या कोरल्या. भिंतीवर पडल्या त्या मुळांसकट दाढा. एक आजी कौतुकाने म्हणाल्या, "कीड अगदी हुबेहूब जमलीय हो!" मी आत जाऊन चक्क रडले. पन्नाशी उलटल्यावर एक गोष्ट मनापासून करावीशी वाटली, तर तीही दाढच निघाली.

हे ऐकून (बाईंनीच सांगितलं, दुसरं कोण?) पाइपवाले स्वतः दवाखान्यात आले. कानावर पेन्सिल. वाकलेला दिवा पाहिला. "मी सांगितलं होतं" हे शब्द त्यांनी गिळले. गिळताना मला दिसले. मग पाइपाला कागद गुंडाळून त्यावर मासे काढले. ते पाइप धरायचे, मी कोरायचे. पंधरा दिवस संध्याकाळी हाच उद्योग. तोंडाला मास्क, केसांत पांढरा भुसा. (मुळात पांढरे होते ते वेगळे.) आता तो दिवा खुर्चीच्या वर दोरीला टांगलाय. पंख्याने फिरतो आणि छतभर मासे पोहतात. पेशंट आडवे पडून बघत राहतात, "आ करा" म्हणावंच लागत नाही.

फार लिहिलं. आईला आणि वहिनींना नमस्कार.

तुझी धाकटी

ता. क. : वहिनींना दिवा हवा असेल तर कळव. दाढांचा शिल्लक आहे.

ता. क. २ : पत्राचं खरं कारण वेगळंच आहे. येत्या सोमवारी अकरा वाजता पाइपवाल्यांशी नोंदणी पद्धतीने लग्न करते आहे. त्यांच्याही घरी कुणी नाही. आमचे हे जाऊन नऊ वर्षं झाली, दादा. नऊ वर्षं रेडिओ लावून एकटी जेवते, पुरे झालं. दोन साक्षीदार मिळालेत, पण तिसरा तूच हवास. इस्त्रीचा शर्ट घालून ये.

ता. क. ३ : आईला तूच सांग. ऐकून ती ओरडायला तोंड उघडेल, तेव्हा डावीकडची मागची दाढ हलतेय का तेवढं बघून घे. एरवी ती मला जवळ येऊ देत नाही.