जहाजातली आडवी रेघ

गुरुजी, तुमचे गुडघे कसे आहेत? बाईंचा दमा बसला का? तुमच्या आईला आता ऐकू येतं का? तिघंही वर तिकडेच आहात, म्हणून एकदमच विचारते. मी बरी आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, अक्षर वाकडं येईल, सांभाळून घ्या. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढचं सगळं तुम्ही दिलेल्या जुन्या वर्तमानपत्रांवर शिकले.

लिहायचं कारण असं, की नांदेडला माझ्या नातीच्या वर्गात आफ्रिकेतून जहाजात कोंबून नेलेल्या गुलामांचा धडा चालू आहे. शिकवणारी बाई म्हणजे तुमची धाकटी नात. पुस्तकात चारच ओळी आहेत. माझ्या नातीनं तिला सांगितलं, "आमच्या आजीला तुमच्या आजोबांनी जहाज काढून शिकवलं होतं." झालं, मला बोलावणं आलं. दारातच तुमच्या नातीनं माझा हात धरला. "आजोबांच्या चांगल्या आठवणी सांगा हं, आजी." अर्धं सांगावं तर खोटं, पुरं सांगावं तर तिचं तोंड उतरणार.

बिलोलीकडची आपली शाळा मला अजून दिसते. शहाबादी फरशीवर तुम्ही खडूनं भलंमोठं जहाज काढता. "झोपा रे समदे, चिकटून. कूस बदलायला बी जागा न्हवती त्यांना." पोरं खिदळत आडवी होतात. आम्ही वस्तीतली चौघं दाराशी तशीच उभी, कारण आम्हाला कुणी शिवायचं नाही. तुम्ही जहाजाच्या शेपटाकडं एक आडवी रेघ मारता. "तुमी हिकडं." आम्ही गुमान झोपतो. माझी मैत्रीण पडल्या पडल्या विचारते, "गुरुजी, आमी तर ऐसपैस हाव. मंग गुलाम कोन म्हनायचं?" "गप पड," एवढंच तुम्ही म्हणता.

पुढच्या वर्षी माझा भाऊ त्याच वर्गात गेला. पाठभर खडू घेऊन घरी आला. "अक्का, लई दाबलं! पाटलाच्या पोराचं कोपर पार पोटात घुसलं." हसून हसून सांगत होता. त्या वर्षी तुम्ही रेघ मारली नव्हती. आईनं मात्र भीतीनं दार लोटून घेतलं. त्यापायी गावानं तुम्हाला काय काय ऐकवलं, तेही आमच्या कानावर आलं.

तर परवा मी जहाज काढलं, पोरं झोपवली अन् रेघही मारली. "आजी, ही कशाला?" एकानं विचारलं. मी दोन्ही वर्षांचं सांगितलं. कोपराला पोरं हसली. तुमची नात हसली नाही. ती म्हणाली, "रेघ पुसायला एक वर्ष का लागलं त्यांना?" मी म्हटलं, "ते मला कुठं ठाऊक? विचारून सांगते."

हे पत्र टाकायला पेटी नाही, ट्रंकेतच राहील. एक मात्र सांगायचं राहिलं. पोरं झोपली तेव्हा मी, माझ्याही नकळत, रेघेच्या पलीकडं शेपटाकडं जाऊन उभी राहिले होते. माझ्या नातीनं पदर ओढून अलीकडं घेतलं. उत्तर लवकर लिहा, गुरुजी. तुमची नात वाट बघून राहिली.